अक्रोडाचे झाड खात्रीने ओळखायचे असेल तर आधी काडी चिरून पाहा

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळच्या बागेत आठ वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून ‘अक्रोड’ म्हणून आणलेले झाड यंदा भरपूर फळले, पण फळ फोडल्यावर कवच दगडासारखे टणक निघाले आणि आतला गर बाजारातल्या अक्रोडासारखा मुळीच दिसला नाही. उन्हाळ्यात कुलूकडे ज्या घरी मुक्काम होता, तिथल्या आवारातही ‘अखरोट’ होता आणि त्याचे गुहागरच्या झाडाशी काहीच साम्य नव्हते. मुलगी अमेरिकेत, ओहायोत राहते. तिच्या मागच्या अंगणात तिसरेच झाड आहे आणि त्यालाही शेजारी ‘वॉलनट’ म्हणतात. यांपैकी खरा अक्रोड कोणता, आणि तो ओळखायचा कसा?

तिन्ही ठिकाणची छायाचित्रे मी पाहिली. कुलूचे झाड खरा अक्रोड आहे, याविषयी शंका नाही. ओहायोच्या झाडाचे छायाचित्र दुरून काढलेले असल्यामुळे त्याबाबत दोन-तीन शक्यता उरतात, त्यांच्याकडे पुढे येतो. गुहागरचे झाड मात्र अक्रोड नाही, आणि सगळ्यात आधी सांगायचे ते हे, की त्याचा गर घरातल्या कोणीही, विशेषतः मुलांनी, खाऊ नये. कच्च्या गराने जोराचे जुलाब आणि उलट्या होतात.

हे झाड म्हणजे आपल्याकडे ‘जंगली अक्रोड’ किंवा ‘रान अक्रोड’ या नावाने ओळखला जाणारा वृक्ष होय. त्याचे शास्त्रीय नाव अल्युरायटिस मोलुकानस असे असून तो एरंडाच्या कुळातला, म्हणजे एरंड आणि मोगली एरंड यांचा भाऊबंद आहे. अक्रोडाशी त्याचे नाते फक्त नावापुरते आहे. मूळचा तो आग्नेय आशियाकडचा. कोकणचा दमट उबारा त्याला मानवतो, म्हणून झटपट वाढतो आणि लवकर फळतो. छायाचित्रात कोवळी पालवी दुरून पीठ भुरभुरल्यासारखी रुपेरी दिसते आहे, ती या झाडाची हमखास खूण समजावी. पाने साधी असतात, म्हणजे एका देठावर एकच पान. कोवळ्या झाडाची पाने तीन ते पाच टोकांची असतात आणि झाड वयात आल्यावर पुष्कळशी साधी, टोकदार येतात. पान जिथे देठाला जुळते तिथे वरच्या बाजूने निरखून पाहिल्यास दोन बारीक ग्रंथी दिसतात. त्या आपण स्वतः पाहाव्यात, कारण अक्रोडाच्या पानावर तशा ग्रंथी कधीच नसतात.

गरातला फरकही समजून घेण्यासारखा आहे. अक्रोडाचा जो वळ्यावळ्यांचा, मेंदूसारखा गर आपण खातो, तो म्हणजे त्या बीची दोन बीजदले असतात. कवचातल्या पडद्यांच्या आडोशाने वाढताना त्यांना त्या वळ्या पडतात. जंगली अक्रोडात बीजदले पातळ असतात आणि आपल्याला दिसतो तो पांढरा, घट्ट, तेलकट गर हा बीचा अन्नसाठा असतो, एरंडीच्या बीत असतो तसाच. म्हणून त्याला वळ्या नसतात, आणि त्याच्या कवचाला अक्रोडासारखी दोन अर्धी वाट्या जुळवल्याची शिवणही नसते. तेल इतके, की गर काडीवर ओवून पेटवला तर दिव्यासारखा जळत राहतो; पॅसिफिक बेटांवर त्याचा तसा उपयोग होत आला आहे आणि हवाईने १९५९ साली त्याला राज्यवृक्ष केले. इंडोनेशियात भाजून, वाटून तो स्वयंपाकात वापरतात, हे खरे. पण तिथे तो कसा भाजायचा आणि किती वापरायचा याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. तेवढ्या माहितीवर आपल्याकडे प्रयोग करू नयेत.

आता खऱ्या अक्रोडाविषयी. संस्कृतातील ‘अक्षोट’ हाच आपला अक्रोड आणि हिंदीतला अखरोट. काश्मिरीत त्याला ‘दून’ म्हणतात. शास्त्रीय नाव जुग्लान्स रेजिया; लिनियसने १७५३ साली दिलेल्या या नावातील रेजिया म्हणजे ‘राजेशाही’. भारतात तो हिमालयाच्या पट्ट्यात साधारण १,००० ते ३,३०० मीटर उंचीवर आढळतो. काश्मीरमध्ये कुपवाडा, अनंतनाग, बडगाम, शोपियान या भागांत गावोगाव, शेताच्या बांधावर आणि घरांच्या मागे ही झाडे उभी दिसतात. हिमाचलात कुलू, चंबा, किन्नौर इकडे आणि उत्तराखंडातही आहेत. देशातल्या अक्रोडाचे बहुतांश उत्पादन काश्मीरमधून येते.

ओळख पटवण्यासाठी लोक आधी पान पाहतात आणि तिथेच फसतात. नवशिक्या सहकाऱ्यांना मी नेहमी उलट क्रमाने शिकवत आलो आहे: आधी काडी, मग वास, मग पान, आणि फळ असेलच तर सर्वांत शेवटी. बोटाएवढ्या जाडीची, मागच्या वर्षीची एखादी डहाळी घ्यावी. धारदार चाकूने ती आडवी न कापता उभी, अगदी मधोमध, चार-पाच सेंटीमीटर लांबीपर्यंत चिरावी आणि दोन फाकी अलग कराव्यात. बहुतेक झाडांच्या काडीत मध्यभागी भेंडाची, म्हणजे मऊ गाभ्याची, सलग वात असते. अक्रोडात ती सलग नसते. पातळ पातळ तपकिरी पडदे एकमेकांपासून एखाद्या मिलिमीटरच्या अंतराने आडवे लावलेले असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ कप्पे असतात, जणू बाहुलीच्या घरातली शिडी. एकदा ही शिडी पाहिली की पुन्हा विसरत नाही. एक पथ्य तेवढे पाळावे: याच वर्षी फुटलेला कोवळा, हिरवा कोंब चिरू नये, कारण त्यात भेंड अजून भरीव असते आणि पडदे पुढे हंगाम सरता सरता तयार होतात. पेराच्या जागीही ते भरीव असते, म्हणून दोन पेरांमधला भाग निवडावा. अक्रोडाच्या कुळातलाच पिकान, ज्याची लागवड हिमाचलात होते, त्याच्या काडीत भेंड सलग असते. तेव्हा ही एकच खूण या दोन सख्ख्या-चुलत झाडांनाही वेगळे करते.

डहाळी हातात आहे तोवर पान गळून गेलेल्या जागेचा वणही पाहून घ्यावा. अक्रोडात तो मोठा, घोड्याच्या नालासारखा किंवा त्रिकोणी असतो आणि त्यात पान-शिरांच्या तीन खुणा असतात. नीट पाहिले तर दोन डोळे आणि एक तोंड असलेला माकडाचा चेहरा दिसतो. हिवाळ्यात, पानांशिवाय उभ्या असलेल्या झाडाची ओळख पटवायला हा चेहरा आणि ती शिडी या दोन खुणा पुरेशा होतात. जोडीला मागच्या वर्षीच्या डहाळीवर नर फुलोऱ्याच्या कळ्या असतात, चिमुकल्या देवदारफळासारख्या, बारीक खवल्यांच्या. त्या हिवाळाभर तशाच बसून राहतात.

पानाकडे वळू. अक्रोडाचे पान संयुक्त असते, म्हणजे एका लांब दांड्यावर समोरासमोर छोटी पाने, म्हणजे पर्णिका, आणि टोकाला एकटी एक. पर्णिका साधारण ५ ते ९, बहुधा ७. टोकाची पर्णिका सर्वांत मोठी आणि बुडाकडची जोडी सर्वांत लहान असते. मोठ्या झाडावर पर्णिकेची कडा सरळ असते, दातेरी नसते. मात्र रोपावर आणि बुंध्यातून फुटलेल्या जोरदार फुटव्यावर ती थोडी दातेरी असू शकते. रोप विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले नाही, तर खरे रोपही खोटे समजून परत करण्याची वेळ येते. डहाळीवर पाने एकाआड एक येतात, समोरासमोर नव्हेत. समोरासमोर आली असतील तर अक्रोड नाही असे निःशंक म्हणावे. याच एका निरीक्षणाने हिमालयातला अंगू, म्हणजे तिथला ॲश, बाजूला पडतो. त्याचीही पाने संयुक्त असून लांबून अक्रोडासारखीच भासतात.

पर्णिका बोटांत चुरगाळली की एक उग्र, राळेसारखा वास येतो. काहींना तो लिंबाच्या अंगाने जाणारा वाटतो, मला मात्र नेहमी बुटाच्या पॉलिशची आठवण होते. हा वास खात्रीचा आहे. परंतु इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. नोकरीच्या पहिल्याच वर्षी गढवालात एका ओढ्याकाठी मी अक्रोड समजून एका झाडाची पाने खुशाल चुरगाळली आणि नाकाशी धरली. दुसऱ्या दिवशी बोटे, ओठ आणि एक पापणी सुजून फोड आले आणि आठवडाभर लिहिता आले नाही. ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले होते. बिब्बा उतल्यावर अंगाचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. टॉक्सिकोडेंड्रॉन वालिचिआय हे त्याचे आजचे नाव, पण जुन्या ग्रंथांत त्याला दिलेल्या एका नावाचा अर्थच ‘अक्रोडासारख्या पानांचा’ असा आहे, म्हणजे ही फसगत माझ्या एकट्याची नव्हे. त्याच्याही पर्णिका ७ ते ११ आणि मोठ्या असतात. तेव्हापासूनचा माझा नियम असा: आधी पानाचा देठ काडीने किंचित खरवडावा आणि चीक येतो का, तो हवेत काळा पडतो का, हे पाहावे. चीक दिसला तर हात लावू नये. अक्रोडाला चीक नसतो.

हिमालयात आणखी दोन झाडांशी गोंधळ होतो. एक तूण. त्याच्या पानात पर्णिका पुष्कळ जास्त असतात, टोकाची एकटी पर्णिका बहुधा नसते आणि प्रत्येक पर्णिकेचे बूड एका बाजूला झुकलेले, असमान असते. दुसरे झाड म्हणजे हिमालयीन हॉर्स चेस्टनट. कुमाऊंत त्याला ‘पांगर’ म्हणतात. आपल्या पांगाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मराठी पर्यटकांना वारंवार सांगावे लागते. त्याची पाने हाताच्या पंज्यासारखी असतात, त्यामुळे पाने असताना चूक होऊ नये. चूक होते ती शरदात, झाडाखाली पडलेल्या फळांवरून, कारण तीही जाड सालीत बसलेली, तपकिरी आणि अक्रोडाएवढी असतात. काश्मिरीत त्याच्या ‘हानदून’ या नावातही ‘दून’ आहेच. त्याचे बी गुळगुळीत, चकचकीत असते. अक्रोडाच्या कवचावर सुरकुत्या आणि मधोमध शिवण असते. कडू आणि बाधक असल्यामुळे पांगराचे बी तसेच खाता येत नाही.

अक्रोडाला पालवी उशिरा फुटते, साधारण एप्रिलमध्ये, आणि कोवळी पाने तांबूस-कांस्य रंगाची असतात. त्याच सुमारास नर फुलोरे मागच्या वर्षीच्या लाकडावरून हिरव्या सुरवंटांसारखे लोंबू लागतात, तर मादी फुले नव्या फुटीच्या टोकाला दोन-चारच्या झुपक्यात बसतात. मादी फुलाला पाकळ्यांचा थाट नसतो. छोट्या हिरव्या घागरीवर पिसासारखी दुभंगलेली परागग्राही टोके, इतकेच. परागण वाऱ्याने होते. एकाच झाडावरची नर आणि मादी फुले बहुधा एकाच वेळी तयार नसतात. काही झाडांत नर आधी, काहींत मादी आधी. म्हणून आवारातले एकटे झाड पुष्कळदा मोजकीच फळे देते आणि मालक झाडाला दोष देत बसतो. कुलूच्या ज्या यजमानांनी ‘आमचे झाड वांझ आहे’ असे म्हटल्याचे आपण लिहिले आहे, त्यांना आसपास दुसऱ्या प्रकारचे एखादे झाड लावायला सुचवावे.

फळ हिरवे, गुळगुळीत, बारीक ठिपक्यांचे असते. पक्व झाले की हिरवी साल तडकते आणि आतले कवचधारी फळ आपोआप खाली पडते. काश्मिरात सप्टेंबरमध्ये लांब काठ्यांनी झोडपून फळे उतरवतात. झाडे २५-३० मीटरपर्यंत वाढतात, त्यामुळे या कामात दरवर्षी माणसे पडून जायबंदी होतात आणि काहींचा जीवही जातो. हिरवी साल सोलणाऱ्यांचे हात काळे-तपकिरी होतात आणि कितीही धुतले तरी दोन-तीन आठवडे रंग जात नाही. सालीतला जुग्लोन हा घटक त्याला कारणीभूत आहे. सालीचा एवढासा तुकडा पांढऱ्या कागदावर घासून पाहावा. सुरुवातीला पिवळट उमटलेला डाग थोड्याच वेळात तपकिरी होतो. घरी करता येण्याजोगी ही सोपी चाचणी आहे, फक्त हातमोजे घालायला विसरू नये.

याच जुग्लोनमुळे ‘अक्रोडाखाली गवतही उगवत नाही’ असे सरसकट सांगितले जाते, ते आपल्या हिमालयी अक्रोडाच्या बाबतीत अतिशयोक्त आहे. काश्मिरात अक्रोडाखाली चांगले गवत मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. हे विधान खरे शोभते ते अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाला, आणि इथे ओहायोचा प्रश्न येतो.

तिकडच्या काळ्या अक्रोडाच्या, म्हणजे जुग्लान्स निग्राच्या, पानात १५ ते २३ अरुंद, दातेरी पर्णिका असतात आणि टोकाची पर्णिका बऱ्याचदा लहान किंवा मुळीच नसते. आपल्या अक्रोडाच्या नेमके उलट. खोडाची साल गडद, खोल चिरांची असते. फळ जवळपास चेंडूसारखे गोल असून त्याची साल आपोआप तडकत नाही आणि कवच फोडायला हातोडीच लागते. गर खाण्याजोगा असतो, चव मात्र उग्र. मुलीने त्या झाडाजवळ टोमॅटो लावले असतील आणि ते कारण नसताना माना टाकत असतील, तर झाड काळा अक्रोडच आहे असे मी जवळजवळ ठरवून टाकीन. दुसरी शक्यता ‘ट्री ऑफ हेवन’ची, म्हणजे आपल्या महारुखाच्या तिकडच्या चुलतभावाची. तो अमेरिकेत तणासारखा माजला आहे आणि अक्रोड म्हणून सर्रास खपतो. त्याच्या पर्णिकांच्या कडा सरळ असतात, पण बुडाशी एक-दोन जाडसर दाते असून प्रत्येकावर ग्रंथीचा ठिपका असतो. पान चुरगाळल्यावर खवट शेंगदाण्यासारखा वास येतो आणि काडीत शिडी नसते. तेव्हा मुलीलाही काडी चिरायलाच सांगावे. भेंडाचे पडदे फिकट असतील तर काळा अक्रोड. गडद तपकिरी असतील आणि पानाच्या वणाच्या वरच्या कडेला केसाळ मिशी असेल तर तो बटरनट, म्हणजे काळ्या अक्रोडाचाच तिथला भाऊबंद, आणि मग ते झाड जपावे, कारण बुरशीजन्य खोडरोगाने तिथले बटरनट झपाट्याने कमी झाले आहेत.

खोडाविषयी फार लिहीत नाही. कोवळ्या अक्रोडाची साल गुळगुळीत, ऑलिव्ह-राखाडी असते आणि वयाबरोबर रुपेरी होऊन तिच्यात रुंद उभ्या भेगा पडतात; पण केवळ सालीवरून मी स्वतःही कधी निर्णय देत नाही. लाकडाबाबत मात्र एक सावधगिरी हवी. आपल्याकडे फर्निचरच्या दुकानात ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणून जे दाखवतात, ते शिरीषाचे लाकूड असते. ते चांगले टिकाऊ लाकूड आहे, पण अक्रोड नव्हे. श्रीनगरचे कोरीवकाम करणारे कारागीर खऱ्या अक्रोडाचे लाकूडही मूळ, बुंधा आणि फांदी असे वेगळे करून घेतात. मुळाजवळचे लाकूड सर्वांत गडद, दाट रेषांचे आणि महाग असते, फांदीचे फिकट आणि स्वस्त.

एक गोष्ट झाड पाहून सांगता येत नाही, ती म्हणजे फळाची प्रत. काश्मिरात कवचाच्या जाडीवरून कागझी, बुर्झुल आणि वोंट असे तीन प्रकार मानतात; कागझी दोन हातांच्या दाबाने फुटतो, तर वोंट फोडायला दगडच शोधावा लागतो. बीपासून वाढवलेले झाड यांपैकी काय देणार हे ते फळल्याशिवाय कळत नाही आणि फळायला ८-१० वर्षे किंवा त्याहूनही अधिक लागतात. कलमी झाड चौथ्या-पाचव्या वर्षी धरू लागते. कलम घेतले तर जातीचा एक अंदाज फांदीवरून येतो: देशी झाडांत फळे मुख्यतः फुटीच्या टोकाशी असतात, तर कॅलिफोर्नियातील चँडलरसारख्या जातींत बगलेतल्या डोळ्यांवरही येतात. श्रीनगरच्या केंद्रीय शीतोष्ण फलोत्पादन संस्थेने निवडलेल्या जातीही कलमांच्या रूपाने लावल्या जातात.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, की खरे रोप आणून गुहागरला किंवा महाबळेश्वरला लावावे काय. अक्रोडाला हिवाळ्यात जातीनुसार साधारण ७०० ते १,५०० तास ७ अंश सेल्सिअसखालची थंडी लागते, तेव्हाच डोळे नीट फुटतात. वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, पण ती काही पहाटांची गोष्ट असते. तेवढ्या तासांनी अक्रोडाची झोप पुरी होत नाही. मी स्वतः पुण्यात हौसेने तीन बिया रुजवल्या होत्या. दोन उगवल्या, दुसऱ्या वर्षी गुडघाभर झाल्या आणि पाचव्या वर्षीही गुडघाभरच होत्या. गुहागरच्या उबाऱ्यात तेवढेही होणार नाही.

गुहागरचे झाड तोडण्याची मात्र गरज नाही. सावली उत्तम देते. रोपवाटिकेने खोटे नाव सांगितले असे मला वाटत नाही, ‘जंगली’ हा शब्द पाटीवरून गळला असावा. तो आपण झाडावर पाटी लावून परत लिहावा आणि खाली पडणारी फळे वेळच्या वेळी गोळा करावीत, म्हणजे सुटीला येणारी नातवंडे ती फोडून तोंडात टाकणार नाहीत. ओहायोची काडी उभी चिरून तिचे जवळून काढलेले छायाचित्र पाठवलेत, तर त्या झाडाचेही नक्की नाव कळवीन.